हशाची जागा

१

सकाळी दुर्गाचं तोंड धुऊन दिलं की मी तिचा चहा बशीत ओतायचो. बशी उजव्या ओठाला लावायची, कारण डावी बाजू तिची राहिली नव्हती. अर्धा चहा पोटात जायचा, अर्धा मानेखालच्या टॉवेलात. मग तिच्या पायाला तेल लावायचं, उशीला टेकवून बसवायचं आणि शेजारच्या धुरपताबाईला हाक मारायची, "वहिनी, निघालो बरं मी." धुरपताबाई तिची डाळ निवडायची, ती आमच्या दारात बसून निवडायची. मी शर्ट बदलून कामावर जायचो.

माझं काम लोकांना हसवायचं. आमच्या गावात प्रसेनजित नावाचा एक माणूस वऱ्हाडी बोलीतले गमतीचे व्हिडिओ करतो. लोक ते मोबाईलवर पाहतात. त्यात मी सासरा असायचो. चिडका, थोडा बहिरा, जावयाच्या मागं काठी घेऊन लागणारा. ते पाहून वाशीमच्या दुकानदारांनी मला जाहिरातीत घेतलं. साड्यांच्या दुकानाची केली, फवारणीच्या पंपाची केली. बाजारात लोक ओळखायचे. "ओ सासरेबुवा, जावई सापडला का?" मी काठी उगारल्यासारखं करायचो. बरं वाटायचं.

शाळेत मी चौथीपर्यंत गेलो. हसवणं शिकलो ते बाबासाहेबांच्या जयंतीच्या जलशात. गाणारे वेगळे, मी मधल्या गमतीचा. गाण्यांनी लोकांचे डोळे भरायचे, मग मी पुढं व्हायचो आणि त्यांना मोकळं करायचो. तिथं एक गोष्ट पक्की शिकलो. गंमत सांगून झाली की थांबायचं. लोकांना हसायला जागा सोडायची. त्या जागेत आपण बोललो तर आपलं बोलणं वाया आणि त्यांचं हसणंही वाया.

माझी जागा मात्र इतरांपेक्षा लांब असायची. त्याचं कारण दुर्गा. ती पुढं बसायची आणि उशिरा हसायची. सगळे हसून गप्प झाले की ती आधी एक लांब श्वास आत घ्यायची, विहिरीत पोहरा सोडावा तसा, आणि मग हसायची. तिचं ऐकून लोक पुन्हा हसायचे. मी पुढचं वाक्य तिच्यासाठी दाताखाली धरून ठेवायचो. सारा जन्म तसं केलं, म्हणून त्या जागेचं माप माझ्या अंगातच बसलं.

पोळा झाल्यावर तिला लकवा मारला. बोलणं गेलं, हसणं गेलं. वाशीमचा डॉक्टर म्हणाला, बोलणं हळूहळू येईल, काही दिवस चांगले जातील, काही वाईट. मी विचारलं, "अन् हासनं?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. "येईल ना काका," म्हणाला.

मला तेवढंच हवं होतं. तिनं एकदा हसावं. ती पुन्हा चालली नसती तरी मला चाललं असतं.

२

प्रसेनजितची शूटिंगची खोली म्हणजे त्याच्या वडिलांचं तुरीचं गोदाम. भिंतींवर त्यानं चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. एकच दार, खिडकी नाही. त्या खोलीत बोललेलं वाक्य भिंतीपर्यंत जायचंच नाही, आपल्या तोंडापुढंच पडायचं. मला ती खोली कधी आवडली नाही, पण काम तिथं होतं.

त्या दिवशी कूलरची जाहिरात होती. ऊन तापायला लागलं होतं. मी ब्लँकेट गुंडाळून कूलरपुढं बसायचं, दात वाजवायचे आणि म्हणायचं, "सूनबाई, बंद कर व तो कूलर! म्या उन्हायात थंडीनं मेलो तर लोक माह्या मयतीवर हासतीन!" आवाज येऊ नये म्हणून कूलर बंदच ठेवला होता. ब्लँकेटात माझा घाम पायापर्यंत चालला होता.

"काका, एक गोष्ट सांगू?" प्रसेनजित म्हणाला. "ते जागा सोडनं बंद करा ना. इथं कोन हाये हासाले? मी अन् हा क्यामेऱ्याचा स्टँड."

"तोंडाले सवय हाये बाबू."

"तुमच्या जागा कापता कापता माहे बोटं झिजले. लोकायले आता दम नाई. बोलले की लगेच फुडचं बोलाचं."

"बरं," म्हटलं. पण कॅमेरा लागला की माझं तोंड आपोआप थांबायचंच.

दुपारची रेल्वे जाईपर्यंत आम्ही बसून राहिलो. तिचा आवाज त्या गोधड्यांतूनही यायचा. गाडी गेली, प्रसेनजितनं कानाला ते मोठे हेडफोन लावले आणि बोट वर केलं. मी वाक्य म्हटलं. थांबलो.

त्यानं हात आडवा केला. "कोन हासलं?"

"म्या नाई."

"तुमी नाई. बाई हासली." त्यानं उठून दार उघडलं. बाहेर पांढरं ऊन आणि एक बकरी. तो परत आला. "काकू आल्या का तुमच्या संगं?" एवढं बोलला आणि त्यानं जीभ चावली. "माफ करा काका. तोंडातून गेलं."

पुन्हा केलं. पुन्हा त्यानं हात आडवा केला. या वेळी काही न बोलता हेडफोन काढून माझ्या कानाला लावले आणि रेकॉर्डिंग मागं नेलं.

आधी माझा आवाज. मग माझी जागा. त्या जागेत खोलीचा तो मेलेला गप्पपणा. आणि मग कोणीतरी एक लांब श्वास आत घेतला, आणि हसलं.

मी हेडफोन काढून त्याच्या हातात दिले.

"बाहेरची कोनी असंन," म्हटलं.

"दार लावेल होतं काका."

मी ब्लँकेट घडी करायला लागलो. घडी नीट बसेना.

३

घरी आलो तेव्हा उन्हं कलली होती. दुर्गाला मोजके दोन शब्द परत आले होते, पानी आणि च्या. सकाळीच ती "च्या" असं स्वच्छ म्हणाली होती, तेव्हा मी टाळी वाजवली होती. आता मी विचारलं, "च्या ठेवू का?" तिनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. मग चांगल्या हातानं खाटेची पाटी बडवायला लागली.

"दुपारपासून असंच चालू हाये," धुरपताबाई म्हणाली. "चांगली झोपेल होती बाप्पा. रेल्वे गेली अन् मांगून एकदम मोठा श्वास ओढला तिनं. म्या म्हनलं, आता हासते का काय बाई! डाळीचं सूप खाली ठेवलं. पन काईच नाई. तोंड तसंच उघडं. मंग गळ्याले हात लावत बसली, काई हरपल्यावानी."

"रेल्वे गेल्यावर?"

"हो. काहून?"

"काई नाई."

धुरपताबाईनं आवाज खाली केला. "भाऊजी, राग नोका मानू. एखांद्या जानकाराले दाखवा एकडाव. आमच्या गावाकडं हाये एक."

"आमच्यात नाई चालत वहिनी ते."

"मले मालूम हाये तुमच्यात नाई चालत. पन दुखनं तुमचं-आमचं पाह्यते का?"

मी हसून दिलं. आमच्या घरात भूतखेत नाही. बावीस प्रतिज्ञा माझ्या बापानं घेतल्या आणि मी त्या पाठ करून मोठा झालो. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे, त्या फोटोखाली बसून मी रात्रीच्या भाकरीबरोबर मनाला समजावलं. डॉक्टरनं सांगितलंच होतं, काही दिवस वाईट जातील. आणि बायका सारख्याच हसतात. उन्हात माणसाला काहीही ऐकू येतं. प्रसेनजितलाही आलं, तर तोही उन्हातच होता.

सगळं बरोबर बसत होतं. फक्त तो श्वास बसत नव्हता. तो मी दुसऱ्या कोणत्याही बाईचा ऐकलेला नाही.

४

दोन-चार दिवसांनी मी प्रसेनजितला म्हटलं, "तू माह्या ज्या जागा कापतं, त्या कुठी टाकतं?"

"कचऱ्यात. मोबाईलमंधी पन कचरापेटी असते काका."

"त्यातून काढता येतात का?"

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "तुमी ऐकनार?"

"हो."

"म्या नाई ऐकल्या. कापाची जागा कोन ऐकते? अन् आता तर मी हेडफोन न लावताच कापतो. आवाजाची रेघ डोयानं पाहून." पण त्यानं दिल्या. सगळे तुकडे एकाला एक जोडून माझ्या मोबाईलवर पाठवले.

मी ते घरी ऐकले नाहीत. स्टेशनच्या रस्त्याला एक लिंब आहे, त्याखाली बसून कानात वायर घातली.

माझी एकही ओळ त्यात नव्हती. नुसत्या जागा. साडीच्या जाहिरातीतली, पंपाच्या जाहिरातीतली, सासरा विहिरीत डोकावतो त्या व्हिडिओतली. हिवाळ्यातल्या जागा रिकाम्या होत्या. मग एकात नुसता श्वास होता. मग श्वास आणि थोडं हसणं. पुढं पुढं पूर्ण.

प्रसेनजितकडं विकतचं हसू पण आहे, बटण दाबलं की शंभर माणसं हसतात. ते मला माहीत होतं. ते दर वेळी एकसारखंच येतं. हे तसं नव्हतं. जिथं गंमत मलाच फिकी वाटली होती, तिथं ती नुसती नाकातून हसली होती. मी विहिरीत डोकावून स्वतःलाच शिव्या देतो, तिथं तिला आवरलं नव्हतं. शेवटी एक बारीक "अगं माय" होतं. दुर्गाला हसू आवरलं नाही की ती तेच म्हणायची.

भ्यायला पाहिजे होतं. मी भ्यालो नाही. मी लिंबाखाली बसून तो तुकडा पुन्हा पुन्हा लावला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रस्त्यानं जाणारा ग्यानबा सायकल थांबवून म्हणाला, "काय सासरेबुवा, एकटेच हासून राह्यले की रडून राह्यले?" "दोनी," म्हटलं. तो हसला आणि गेला.

मग शेवटचा तुकडा लागला, कूलरचा. त्यात हसणं आधीच्यापेक्षा मोठं होतं. माझा माईक माझ्या कॉलरला असतो. त्या तुकड्यात माझा स्वतःचा श्वास दूरचा वाटत होता, आणि हसणं जवळ. म्हणजे हसणारं तोंड माझ्या तोंडापेक्षा माझ्या गळ्याच्या जवळ होतं.

घरी येऊन मी खाटेवर बसलो. दुर्गाच्या कानात एक वायर घातली, माझ्या कानात दुसरी. मला वाटलं, आपलं हसू ऐकून तिला आपलं हसू आठवेल. लहान लेकराला बोट धरून चालवतात तसं.

ती ऐकत राहिली. तिचे डोळे मोबाईलवर गेले, मग माझ्यावर आले. तिनं चांगल्या हातानं वायर ओढली आणि लांब फेकली. मी म्हटलं, "अवं, तूच हायेस ना ते." तिनं मान हलवली. लकव्यानंतर तिची मान इतकी जोरात हललेली मी पाहिली नव्हती. मग तो हात माझ्या तोंडावर ठेवला आणि दाबून धरला. मी काढायला गेलो तर आणखी दाबला. तिच्या तळहाताला तेलाचा वास होता.

५

त्यानंतर मी जायला नको होतं. ते कळत होतं. पण प्रसेनजितनं फोन केला, की सासऱ्याचा नवा भाग राहिला आहे, लोक विचारतात. मी हो म्हटलं. कामासाठी नाही गेलो. ऐकायला गेलो. वाटेत मनाला सांगितलं, की तपासून पाहायला चाललो आहे, खरं काय ते कळेल, मग सोडून देऊ.

तपासायचं कसं, तेही ठरवलं होतं. एक गंमत आहे, ती मी कधी कोणाला सांगितली नाही. मी आसेगावला दुर्गाला पाहायला गेलो होतो तेव्हाची. माझा चष्मा फुटला होता. अंधारी खोली. कोपऱ्यात ज्वारीचं पोतं उभं होतं आणि त्यावर कोणीतरी फेटा काढून ठेवला होता. मी त्या पोत्याला वाकून जयभीम केला आणि म्हणालो, "मामा, तब्येत बरी?" ते फक्त दाराआडून दुर्गानं पाहिलं. तिनं माहेरी सांगितलं नाही, मी घरी सांगितलं नाही. ती आमची दोघांची होती.

प्रसेनजितनं कॅमेरा लावला. हेडफोन गळ्यात ठेवले, कानाला लावले नाहीत. मी ठरलेलं वाक्य सोडून दिलं.

"आसेगावले पोरगी पाहाले गेलो होतो," मी म्हटलं. "घरात अंधार. माहा चष्मा फुटेल."

मी पोत्यापर्यंत आलोच नव्हतो. फेट्याचं नाव काढलं नव्हतं.

समोरच्या भिंतीवरची गोधडी मधोमध आत गेली. पंखा बंद होता, दार बंद होतं. कापड असं आत ओढलं गेलं, की त्यावरचे टाके ताणलेले दिसले. मग ती सपाट झाली, आणि खोलीत हसणं आलं. हेडफोनमधून नाही. खोलीत. त्या खोलीत माझं वाक्य भिंतीपर्यंत जात नव्हतं, ते हसणं मात्र सगळीकडं पोचलं. शेवटी म्हणालं, "अगं माय."

प्रसेनजितनं गळ्यातले हेडफोन काढून खाली ठेवले. "काका," तो म्हणाला, "हासाले काय होतं त्यात? तुमी तर अजून काई सांगतलंच नाई."

मी उत्तर देणार तेवढ्यात माझा फोन वाजला. धुरपताबाई होती. "भाऊजी, लवकर या वो! दात बसले तिचे! श्वासच घेईना बाई! तोंडातून पानी पन आत जाईना!"

मी कॉलरचा माईक काढायचा विसरलो. तो तसाच लोंबत घेऊन गोदामातून निघालो.

६

वाशीमच्या दवाखान्यात तिला आठवडाभर ठेवलं. मुलगी धम्मदीपा रिठदहून आली. ती अंगणवाडीत असते, धीराची आहे. डॉक्टर म्हणाला, दुसरा झटका असेल, या वयात येतो. मी मान हलवली.

घरी आल्यावर मी काम सोडलं. प्रसेनजितनंही बोलावलं नाही. त्यानं गोधड्या काढून गोदामात पुन्हा तूर भरल्याचं कळलं. मी घरात गंमत करणं सोडलं. हे लिहायला सोपं आहे. ज्याचं तोंड जन्मभर वाकडं चाललं त्याला सरळ बोलणं किती जड जातं, ते मलाच माहीत. भाजीवाली म्हणायची, "घ्या सासरेबुवा, वांगे जावयासारखे हायेत, वरून चकचक!" मी पैसे देऊन दार लावायचो. बोलताना वाक्याला वाक्य जोडायचो, मधे जागा पडू द्यायची नाही. ऊन आहे, पाणी पी, पाय सरळ कर, गोळी घे. धम्मदीपा म्हणाली, "बाबा, तुमी हे कोनाशी बोलून राह्यले? आईशी असं कधी बोलले नाई तुमी."

पण दुर्गा सुधारायला लागली. पानी आलं, च्या आलं. सोयाबीनची पेरणी होईपर्यंत "धम्मा" आलं. एका सकाळी तिनं मला माझ्या नावानं हाक मारली. जन्मात कधी मारली नव्हती. तोंडाला जे पहिलं सापडलं ते बाहेर पडलं असेल. "दौलत." मी चुलीमागं जाऊन रडून आलो. ओठाचा डावा कोपरा किंचित उचलायला लागला. मी रोज तो कोपरा पाहायचो आणि नजर काढून घ्यायचो.

मग ती दुपार. धुरपताबाई शेतावर गेली होती. दार उघडं होतं, बाहेर लख्ख उजेड. आमच्या दोन खोल्या, मधे जुन्या साडीचा पडदा. पडद्यामागं चूल. मी खाटेवर बसून दुर्गाला भात भरवत होतो. तिनं घास बाजूला केला.

"बोला," ती म्हणाली.

"काय बोलू? भात खाय."

"गंमत."

"नाई. खाय तू."

तिनं माझ्या गालाला हात लावला. बोट गालाच्या खड्ड्यात फिरवलं. "तुमी," ती म्हणाली, मग थांबली, शब्द शोधला. "सुकून... राह्यले."

तिला सगळं माहीत होतं. माझ्याहून जास्त माहीत होतं. उपाशी माणसाला आपल्या ताटातलं द्यावं तसं ती माझ्याकडं पाहत होती.

"नोको व दुर्गे," म्हटलं. "असंच राहू. असंच बरं हाये."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी सांगितली. एक जुनी, साधी, बैल विकायला गेलेल्या माणसाची. भरभर सांगितली, श्वास न घेता. शेवट आला, तो ओलांडून तसाच पुढं बोलत सुटलो. गोळी घ्यायची आहे, पाणी तापवायचं आहे, धम्मदीपा रविवारी येणार आहे.

दुर्गानं माझं मनगट धरलं. घट्ट. मी गप्प झालो. जागा मी सोडली नाही. ती तिनं सोडली.

बाहेर कोंबडी माती उकरत होती. तिचा आवाजही थांबला. मी दुर्गाच्या तोंडाकडं पाहत होतो. कोपरा हलला. उजवा आधी, मग डावा. दोन्ही बाजू सारख्या झाल्या. तिचा चेहरा पुन्हा पूर्ण झाला. तिनं श्वास आत घेतला, लांब, खोल, आणि माझं मनगट सोडलं.

तिनं इथं आत घेतलेला श्वास पडद्यामागून बाहेर आला, हसत.

मी लगेच वळलो नाही. आधी दुर्गाकडं पाहिलं. ओठ वर होते, डोळे माझ्यावर होते, छाती भरलेली होती आणि ती खाली येत नव्हती. मग वळलो. पडदा जमिनीपर्यंत पुरत नाही, वीतभर वर राहतो. त्या वीतभरात दोन पाय होते. ते पाय मी ओळखतो. रोज तेल लावत होतो. डाव्या पायाची बोटं जमिनीवर पसरून नीट रोवलेली होती. दोन्ही पाय चांगले होते.

मी उठलो नाही. दुर्गाचा हात हातात घेतला आणि गार होईपर्यंत धरून बसलो. आत कोणी हललं नाही.

७

"हासतच गेली वो बाई," धुरपताबाई आल्या-गेल्याला सांगायची. "तोंड पाह्यलं ना तुमी? एवढं दुखनं काढलं, पन हासत गेली." बायका पदर डोळ्याला लावायच्या. मी हो म्हणायचो.

जलदान विधी झाला. पाहुणे गेले. धम्मदीपा राहिली. ती म्हणाली, "बाबा, तुमी रिठदले चला. एकटे काय कराल इथं?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मग मीच राहते महिनाभर. चूल तिनं हाती घेतली. दिवसभर पडद्याच्या आत-बाहेर करायची. मी खाटेवरून तिची पावलं पाहत बसायचो. आत तिची एकटीचीच होती.

धम्मदीपा हसते आईसारखीच. उशिरा. ते मी विसरलो होतो. एका सकाळी ती भाकरी थापत म्हणाली, "बाबा, आजीच्या बकरीची गंमत सांगा ना, लहानपनी सांगत होते ती. घर किती गप गप झालं." तिनं हात थांबवले आणि पिठाच्या हातानं वाट पाहत बसली. ओठ आधीच थोडे उघडे.

मी म्हणालो, "तुहा नवरा तिकडं उपाशी मरून राह्यला असंन. तुले काई लाज? बापाच्या घरी किती दिवस राहाचं मानसानं?"

तिचं तोंड उतरलं. असं मी तिला कधी बोललो नव्हतो. ती भाकरी पुरी न करता उठली आणि पिशवी भरायला लागली.

दुपारच्या एस.टी.वर तिला सोडायला गेलो. स्टँडवर ग्यानबा होता. "सासरेबुवा, लेक निघाली, आता जावयाले काठी दाखवाले चला तुमी पन!" सगळे हसले. धम्मदीपानं माझ्याकडं पाहिलं, की आता तरी मी काही बोलेन. मी गाडीच्या टायरकडं पाहत राहिलो. ती खिडकीत बसली. "बाबा, गोया घेत जा," म्हणाली. आवाज जड होता, पण तिचा तिच्याजवळ होता. गाडी वळेपर्यंत मी उभा राहिलो. हात वर केला नाही, केला असता तर रडलो असतो आणि ती उतरली असती.

घरी आलो. चप्पल काढली. दार आतून लावलं. दुपार होती, कवाडाच्या फटीतून उजेड पडद्यावर येत होता. खाट मी तशीच ठेवली आहे, फक्त आता तोंड पडद्याकडं केलं आहे. तिच्यावर बसलो. घर खरंच गप्प होतं. पडद्याखाली जमीन रिकामी होती.

"दुर्गे," म्हटलं, "तू हायेस का कोन हाये, मले मालूम नाई."

पडदा मधोमध थोडा आत गेला आणि तसाच राहिला.

मी गळा साफ केला.